आतला हात

तेरच्या कुंभारवाड्यात एक म्हातारा कुंभार होता. मोतीबिंदूनं त्याची नजर इतकी गढूळ झाली होती की दारात उभ्या माणसाला तो आवाजावरून ओळखायचा. पण मडकं थापताना त्याचा टोला चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा नातू पुण्यात होता. त्याची नजर एवढी तयार, की दोनशे यार्डांवर गवतात पडलेला चेंडू तो उभ्या जागेवरून बोट करून दाखवायचा. पण त्यानं स्वतः मारलेला चेंडू ठरल्या जागी क्वचितच पडायचा. नजर गेलेल्याचा टोला नेमका आणि नजर असलेल्याचा चुकार, असं का व्हावं, याची ही गोष्ट.

पाऊस एकदा रुसला की धाराशिव जिल्ह्यातली पोरं पुण्याची गाडी धरतात. नातूही तसाच गेला आणि ओळखीच्या एकानं त्याला एका गोल्फ क्लबात कॅडी म्हणून लावून दिलं. कॅडी म्हणजे नुसता बॅग उचलणारा नव्हे. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या असतात; त्यांतली कुठली कधी द्यायची, भोक किती यार्डांवर आहे, वारा कुठून येतोय, भोकाभोवतीच्या बारीक गवताचा, म्हणजे ग्रीनचा उतार कुठल्या अंगाला आहे, हे खेळणाऱ्याला सांगणं हेही त्याचं काम. नातू हे सगळं चटकन शिकला. आठवड्यातून एक दिवस सदस्यांचा खेळ बंद असायचा आणि त्या दिवशी कॅडींना मैदानावर उतरता यायचं. त्या दिवसाची तो बाकीचे सगळे दिवस वाट पाहायचा.

खेळायला उतरला की सगळे कॅडी त्याचा पहिला फटका बघायला गोळा व्हायचे. चाक फिरवणाऱ्या आणि माती तुडवणाऱ्या घरातला तो पोरगा. खांद्यात बळ होतं. ड्रायव्हरनं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीनं मारलेला त्याचा चेंडू सगळ्यांच्या पुढं जायचा आणि टाळ्या पडायच्या. पण लांब फटक्याला टाळ्या मिळाल्या तरी कार्डावर लिहितात ती फटक्यांची संख्याच. त्याचा चेंडू पुढं जायचा, पण कधी डावीकडच्या झाडीत, कधी उजवीकडच्या उंच गवतात. तिथून तो बाहेर काढण्यात पुढचे दोन-तीन फटके जायचे. ज्यांना त्याच्यापेक्षा चाळीस-चाळीस यार्ड कमी मारता यायचं, ते शेवटी त्याच्या पुढं असायचे.

क्लबात शिकवायला येणाऱ्या एका वयस्कर खेळाडूनं त्याला हिशोब समजावून सांगितला होता. चेंडू सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचा, वजनाला ४६ ग्रॅमच्या आत. भोकाची रुंदी १०८ मिलिमीटर. काठीचं पातं आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. नंतर माणसानं कितीही मान वाकडी केली तरी चेंडू ऐकत नाही. त्या क्षणी पातं जिकडं तोंड करून असेल, साधारण तिकडं चेंडू निघतो. दिशा एका अंशानं चुकली तर दोनशे मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो, आणि त्यात फिरकी मिसळली तर आणखी दूर. "म्हणून फटका रोज तोच आला पाहिजे," असं तो म्हणायचा. "उठलास तरी तोच, झोपलास तरी तोच."

नातवानं ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सरावाच्या चटईवरून तो तोच फटका मारत राहिला. चटईवर फटका येऊ लागला. मैदानात उतरला की पुन्हा बिघडायचा.

कॅडींच्या शेडमध्ये दुपारी गप्पा रंगायच्या. दिल्लीचा अली शेर कॅडी होता आणि त्यानं १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. बंगळूरचा मुनियप्पाही कॅडीच, त्यानं २००९ साली तीच स्पर्धा मारली. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला. ही नावं नातवाला पाठ होती. जानेवारीत कॅडींची स्पर्धा होती. त्याआधी येळवशीचा सण आला, म्हणून तो चार दिवसांची सुट्टी काढून गावाकडं निघाला. एका सदस्यानं दिलेली वेज नावाची जुनी काठी आणि पिशवीभर झिजलेले चेंडू त्यानं सोबत घेतले. लातूरच्या गाडीतून ढोकीला उतरून तो तेरला पोचला, तेव्हा आबा, म्हणजे त्याचे आजोबा, अंगणात राखेच्या ढिगाशेजारी बसले होते.

"आलास व्हय रं?" काठीचा टप्पा ऐकून आबा म्हणाले. "आन हातात काय आनलंस? चालताना जमिनीला लोखंड लागायलंय."

"गोल्फची काठी हाय, आबा."

"पाय धू, च्या घे. मग दाव तुजी काठी."

दुसऱ्या दिवशी तेरणेच्या काठाला पडीक पट्ट्यात नातवानं चेंडू मांडले. गल्लीतली सगळी पोरं जमली. आबाही काठी टेकत आले आणि बांधावर बसले. समोर लांब एक बाभूळ होती. "तिच्या बुडाशी टाकतो," नातू म्हणाला आणि मारला. चेंडू उजवीकडं ज्वारीत गेला. दुसरा बाभळीच्या अलीकडंच टप्पा घेऊन थांबला. तिसरा डावीकडं तुरीत. पोरांना बाभळीशी काही देणंघेणं नव्हतं. एवढा लांब टोला त्यांनी कधी पाहिला नव्हता. चेंडू शोधायला ती ओरडत पळाली.

आबांनी विचारलं, "पयला गेला कुठं?"

"ज्वारीत."

"बद्द वाजला व्हता. दुसरा बरा वाजला. तिसरा पुन्ना बद्द. असंच ना?"

नातू चमकला. दुसरा फटका तेवढा पात्याच्या मध्यावर बसला होता. आबांना चेंडू दिसला नव्हता, बाभूळही दिसत नव्हती.

"तीन टोले मारलेस, तीन आवाज आले," आबा म्हणाले. "पन काठी फिरल्याचा आवाज तिन्ही डाव सारखाच."

"सारखाच मारायचा असतो, आबा. तेच शिकवत्यात."

"आन जमीन? ती सारखी हाय का?"

नातवानं खाली पाहिलं. पहिला चेंडू ढेकळावर होता, दुसरा सपाटीवर, तिसरा वाळलेल्या गवताच्या झुबक्यात. मारताना त्यानं हे पाहिलं नव्हतं असं नाही. नजर तीक्ष्णच होती. पण पाहिलेलं हातापर्यंत पोचलं नव्हतं. त्याचं सगळं चित्त बाभळीवर होतं.

येळवशीला आता थोडेच दिवस उरले होते. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला धाराशिव-लातूरकडचं सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पांडवं मांडून पुजतं आणि आंबील-भज्जीवर जेवतं. ती आंबील मातीच्या बिंदग्यात न्यायची रीत. स्टील आलं, प्लास्टिक आलं, तरी त्या दिवसापुरतं मातीचं बिंदगं लागतंच. त्यामुळं आबांच्या अंगणात अर्धीमुर्धी झालेली बिंदगी ओळीनं मांडलेली होती आणि थंडीमुळं ती लवकर वाळत नव्हती.

चाकावरून मडकं उतरतं तेव्हा ते मडकं नसतंच. गळा तेवढा तयार असतो. खालचं अंग जाड, ठोकळ. गाळलेल्या मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळून केलेला तो गोळा जरा आवळला, की खरं काम सुरू होतं. डावा हात मडक्याच्या आत जातो, त्या हातात दगडाचा गुळगुळीत गोळा. उजव्या हातात लाकडी थापटणं. बाहेरून थापटणं, आतून दगड, मध्ये माती. माती चिकटू नये म्हणून दोन्हीकडं राख. टोल्यागणिक माती पसरते, अंग पातळ होतं, पोट फुगतं, बूड गोल होतं. एकदा थापून सावलीत ठेवायचं, जरा वाळलं की पुन्हा घ्यायचं. प्रत्येक खेपेला टोला आणखी हलका. शेवटी बिंदग्याचं अंग सगळीकडून एकसारखं पातळ झालं, तरच ते आव्यात तडकत नाही.

"मला द्या, आबा," नातू म्हणाला. लहानपणी त्यानं हे पाहिलेलं होतं, केलेलं नव्हतं.

आबांनी एक बिंदगं पुढं सरकवलं. नातवानं आत दगड धरला, बाहेर जागा नीट न्याहाळली, नेम धरला आणि थापटणं मारलं. बरोबर नेम धरलेल्या जागीच बसलं. आणि बिंदग्याला तिथंच भोक पडलं.

तो वरमला. "नेम तर बरोबर व्हता."

"व्हता की," आबा हसले. "पन आतला हात कुठं व्हता?"

आतला हात चार बोटं खाली होता. बाहेरची जागा बघण्याच्या नादात तो तिथंच राहून गेला होता.

"बाबा रं," आबा म्हणाले, "तू मडक्याला मारलंस. म्या आजवर मडक्याला कदी मारलं न्हाई. म्या माज्या आतल्या हातावर मारतो. मदी मडकं येतं, एवढंच."

मग आबांनी त्याला शेजारी बसवलं आणि स्वतः एक बिंदगं घेतलं. पहिला टोला त्यांनी इतका हलका मारला की माती हललीसुद्धा नसेल. बिंदगं जरा फिरवलं, पुन्हा एक हलका. मग एक जोराचा. मग दोन हलके. नातू बाहेरच्या हाताकडं पाहत होता आणि त्याला त्यात काही ताल सापडत नव्हता.

"ह्यो पयला कशापायी? त्यानं तर काय झालंच न्हाई."

"त्यो इचारायचा. मारायचा न्हवं. सकाळपासनं हे बिंदगं एका अंगानं उन्हाला व्हतं, दुसऱ्या अंगानं भितीला. उन्हाकडचं अंग आवळलंय, भितीकडचं वलं हाय. एकच मडकं, पन दोन अंगाला दोन माती. आदी हळूच इचारायचं. आतल्या हाताला कळतं किती जाड हाय, किती वलं हाय. त्यानं सांगितलं की मग ह्या हातानं तेवढंच मारायचं. डोळं गेलं तवा लोक म्हनले, म्हाताऱ्याचं काम संपलं. आरं, माजं काम डोळ्यात कुठं व्हतं?"

नातू दिवसभर बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं आणखी काही बिंदगी फोडली. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत गेली. जेव्हा तो टोला कुठं मारायचा याचा विचार करायचा, तेव्हा चुकायचा. जेव्हा सगळं लक्ष आतल्या तळहाताकडं असायचं, तेव्हा थापटणं आपोआप दगडाच्या समोर येऊन पडायचं. आपल्याच एका हाताला दुसरा हात शोधायला डोळे लागत नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर आबांनी देवळीतून एक खापरी काढायला सांगितली. तेर हे फार जुनं गाव. तगर या नावानं ते दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाराचं ठिकाण होतं. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि इथला माल भडोचच्या बंदराकडं जायचा. इथल्या मातीत सापडलेल्या मूर्ती आणि भांडी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मांडलेली आहेत. नातवानं ती शाळेत असताना काचेबाहेरून पाहिली होती. पावसानं जुन्या वस्तीची पांढरी माती धुऊन निघाली की साध्या खापऱ्या आजही उघड्या पडतात. आबांची खापरी तशीच, कधीची ते कुणाला ठाऊक नाही.

"भाईरून हात फिरव."

बाहेरून ती गुळगुळीत होती.

"आता आतून."

आतल्या बाजूला बोटाला उथळ खळगे लागले, एकाशेजारी एक, सगळीकडं.

"त्यो दगडाचा ठसा. भाईरची बाजू कुंभार घासून-पुसून गुळगुळीत करतो, टोल्याची खून ऱ्हात न्हाई. आतली तशीच ऱ्हाती. ज्यानं हे केलं त्याचं नाव-गाव गेलं, पन त्याचा आतला हात अजून हितं हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं गोरोबाकाकांच्या समाधीला गेले. तेरच्या माणसाला गोरा कुंभाराची गोष्ट सांगावी लागत नाही. ती तो अंगणातच ऐकतो. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबांना म्हटलं, काका, तुम्ही कुंभार, यांतली पक्की मडकी कुठली आणि कच्चं कुठलं ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. पुढं नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले आणि तिथं त्यांना गुरू भेटला, अशी परंपरा सांगते.

पायरीवर बसून आबा म्हणाले, "ही गोष्ट सांगताना लोक नामदेवाचं सांगत्यात. त्यो रडला, त्यो कच्चा निघाला. पन आमी कुंभारानं दुसरं बगायचं. काकांनी एवढ्या डोस्क्यावर थापटणं हानलं, फुटलं का एकबी? पक्कं मडकं कसंबी वाजवावं, ते सोसतं. कच्चं वाजवायचं, कच्चं हाय म्हनून वळखायचं, आन फुटू द्यायचं न्हाई, ह्यात हात लागतो. काकांनी नामदेवाला मारलं न्हाई. इचारलं. नामदेवाला ते मारल्यावानी लागलं, कारन त्यो आदीच ताठून बसला व्हता."

नातू काही बोलला नाही. तसाच ताठून तो चेंडूसमोर उभा राहत होता.

येळवस झाली. वाड्यातल्या बायकांनी आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन शेत गाठलं. त्यांत एक नातवानं थापलेलं होतं. बूड थोडं एका अंगाला गेलेलं, पण ठिपकाही गळला नाही. जेवणं झाल्यावर त्यानं पुन्हा वेज काढली. या खेपेला त्यानं बाभूळ एकदाच पाहिली. मग चेंडूजवळ जाऊन तो नुसता उभा राहिला. तळव्याखाली ढेकूळ भुसभुशीत आहे की टणक, टाच खाली आहे की बोटं, हे त्यानं पायांना कळू दिलं. शेजारी काठी हळूच एकदा फिरवून गवत किती अडतंय ते पाहिलं. मग मारला. चेंडू बाभळीच्या बुडाशी पडला नाही. पण पोरांना तो शोधावा लागला नाही. त्यानंतरचा आणखी जवळ पडला.

"आता बरं वाजायलंय," बांधावरून आबा म्हणाले.

जानेवारीतल्या स्पर्धेला सगळ्यांना त्याच्या लांब फटक्यांची अपेक्षा होती. त्यानं ड्रायव्हर फारसा काढलाच नाही. जिथं समोर झाडी अरुंद होती तिथं आखूड काठी घेतली, उतारावर फटका आवरला. बघणारे कंटाळले. "गावाकडं जाऊन पोरगं भ्यालं," एक जण म्हणाला. पण शेवटच्या होलला तो आघाडीवरच्या खेळाडूपेक्षा एकाच फटक्यानं मागं होता. आणि तिथं वाऱ्यानं त्याचा चेंडू ग्रीनच्या कडेच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात नेऊन टाकला.

बंकरमधला फटका हा गोल्फमधला सगळ्यात विचित्र फटका. तिथं चेंडूला मारायचंच नसतं. पातं चेंडूच्या दोन इंच मागं वाळूत उतरतं, वाळूचा एक थर उचलतं आणि त्या वाळूवर बसून चेंडू बाहेर येतो. म्हणजे सगळं वाळूवर अवलंबून. आणि नियम असा, की वाळू कशी आहे हे हात किंवा काठी लावून तपासायचं नाही. लावली तर दोन फटक्यांचा दंड. चेंडूमागच्या वाळूवर काठी टेकवायचीही नाही. एवढी मात्र मुभा आहे, की उभं राहण्यापुरते पाय रोवता येतात.

वरून वाळू पांढरी, कोरडी, सैल दिसत होती. तिथं उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं मोठा फटका सांगितला असता, कारण सैल वाळू पातं गिळते. नातू आत उतरला. पाय रोवले. उजवा तळवा जरा दाबला, मग डावा. वरच्या पातळ थराखाली काहीतरी घट्ट लागलं. पहाटे ग्रीनवर सोडलेलं पाणी कडेकडेनं बंकरमध्ये मुरलं होतं आणि उन्हानं फक्त वरचा पापुद्रा वाळवला होता. ओल्या वाळूत पातं रुतत नाही, उसळतं, आणि चेंडू ठरल्यापेक्षा जोरात सुटतो. मोठा फटका मारला असता तर चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला असता.

त्यानं भोकाकडं पाहणं सोडलं. काठी कमरेपर्यंतच नेली आणि मऊ सोडली. वाळूचा छोटा फवारा उडाला. चेंडू ग्रीनवर पडला, थोडा धावला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. पुढचा फटका त्यानं आत ढकलला.

आघाडीवरच्या गड्यानंही आपला शेवटचा फटका चुकवला नाही. एका फटक्यानं तोच जिंकला. नातू दुसरा आला.

पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जिंकलेल्याची चर्चा नव्हती. चर्चा त्या बंकरमधल्या फटक्याची होती. एवढी छोटी काठी फिरवून चेंडू बाहेर येतो, हे पोरांनी प्रथमच पाहिलं होतं. "कमरेपतुरच न्यायची," एक जण दुसऱ्याला करून दाखवत होता. "मनगट मऊ." खेळायचा दिवस आला तेव्हा एक तरणा कॅडी मुद्दाम त्याच बंकरमध्ये चेंडू टाकून बसला. त्यानं नातवाचा फटका हुबेहूब उतरवला. तेवढीच काठी, तेवढीच मऊ. पण मधल्या दिवसांत पाणी सोडलेलं नव्हतं. वाळू तळापर्यंत कोरडी होती. पातं तिच्यात बुडालं आणि चेंडू दोन बोटं सरकून पुन्हा खाली घरंगळला. त्यानं पुन्हा मारला. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यानं वैतागून काठी वाळूत आपटली.

"मी तर तुझ्यासारखाच मारला," तो नातवाला म्हणाला.

"माझ्यासारखाच मारलास," नातू म्हणाला. "वाळूला विचारलंस का?"

त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. नातवानं त्याला काठी बाजूला ठेवायला लावली आणि बंकरमध्ये नुसतं उभं केलं. आधी या बंकरमध्ये, मग पलीकडच्या सावलीतल्या बंकरमध्ये, मग ग्रीनच्या उतारावर. प्रत्येक ठिकाणी पायाखाली काय लागतंय ते सांगायचं, एवढंच काम. पोरगं थोड्या वेळानं कंटाळलं. "मारायचं कधी?" त्यानं विचारलं.

"सांगता आलं की मारायचं," नातू म्हणाला.

काही महिन्यांनी असं झालं, की मैदानावर येणारे जुने खेळाडू बॅग द्यायला याच नातवाचं नाव घेऊ लागले. अंतर तर सगळेच कॅडी सांगायचे. हा गवत ओलं आहे का, माती किती सुटी आहे, आज चेंडू पडल्यावर किती धावेल, हे आधी सांगायचा आणि मगच काठी हातात द्यायचा. त्याचा स्वतःचा फटका अजूनही कधी कधी चुकायचा. पण आता चुकला की तो काठीकडं बघायचा नाही. आपण विचारायला कुठं विसरलो, ते शोधायचा.

तात्पर्य: नेमका टोला मारणाऱ्याचं कौतुक करताना लोक त्याचा मारणारा हात बघतात आणि घरी जाऊन तोच उतरवू पाहतात, कारण तेवढाच दिसतो. पण टोला कुठं आणि किती, हे ठरतं दुसऱ्याच हातात, जो समोरच्याची जाडी, ओल आणि ताठरपणा आधी जाणून घेतो. माती असो, वाळू असो की माणूस असो, ज्याला हळूच विचारता येतं त्यालाच नेमकं मारता येतं. आणि पुष्कळदा विचारून झाल्यावर त्याला कळतं, की मारायला लागेल असं वाटलं होतं त्याहून फार कमी जोर पुरतो.